आधी माप शुद्ध करा
कर्नेलच्या शेड्यूलरमधलं कालमापन सुधारू पाहणाऱ्यांसाठी

बंगळूरमध्ये नोकरीला लागून मला दुसरंच वर्ष होतं. आमच्या एका छोट्या उपकरणाच्या आवाजात दर तीन मिनिटांनी खंड पडायचा. उपकरणात घरीच लिहिलेलं लहानसं कर्नेल होतं. आम्ही तिघांनी पंधरा दिवस शेड्यूलरच्या मागे घालवले. आवाजाच्या टास्कची प्रायॉरिटी वाढवली, इतरांच्या वाट्याचा वेळ कापला, रांगेची रचना बदलून पाहिली. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला.

शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने स्टॉपवॉच लावलं. खंड दर १७९ सेकंदांनी पडत होता. त्याने कागदावर एक भागाकार केला: २ चा ३२ वा घात भागिले २ कोटी ४० लाख. उत्तर आलं १७८.९६. चिपमधला काउंटर ३२ बिटांचा होता आणि २४ मेगाहर्ट्झवर चालत होता. तो भरून शून्यावर आला की ‘आत्ताची वेळ वजा मघाची वेळ’ ही वजाबाकी उणे यायची. चिन्ह नसलेल्या संख्येत ती अवाढव्य दिसायची, आणि त्या क्षणी चालू असलेल्या टास्कच्या खात्यावर तेवढा वेळ चढायचा. तो टास्क बहुतेक वेळा आवाजाचाच असे. पुढचा हिशोब सुरू होईपर्यंत तो रांगेच्या टोकाला अडकून पडे. शेड्यूलर आपल्या नियमाने अगदी बरोबर वागत होता, फक्त त्याच्या हातातलं माप खोटं होतं.

शेड्यूलरचं काम वाटपाचं आहे. एक सीपीयू, अनेक मागणारे, आणि प्रत्येकाला त्याचा वाटा. वाटणारा कितीही प्रामाणिक असला तरी मापात पाप असेल तर वाटप चुकतंच. म्हणून पुणे, सांगली, बेळगावहून इथे येऊन कर्नेल किंवा एम्बेडेडच्या कामाला लागलेल्या तरुण मित्रांना मी एकच गोष्ट सांगतो: धोरणाला हात लावण्याआधी कालमापन तपासा. ते कसं तपासायचं आणि कसं सुधारायचं, ते या लेखात क्रमाने मांडतो आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत, कारण त्याचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. तत्त्वं मात्र कोणत्याही कर्नेलला लागू पडतात.

शेड्यूलरला कोणता काळ हवा असतो?

बंगळूरपासून चाळीसेक किलोमीटरवर ब्यालालू इथे इस्रोचं नॅव्हिगेशन सेंटर आहे. २८ मे २०१३ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या सीझियम आणि हायड्रोजन मेसर घड्याळांवर आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांची वेळ बेतलेली असते. त्या घड्याळांचं जगाच्या प्रमाणवेळेशी घट्ट नातं आहे आणि ते तसंच असायला हवं.

शेड्यूलरला हे नातं लागत नाही. त्याला लागतं ते आपल्या लग्नातलं घटिकापात्र. पाणी भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडतात. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. आज वार कोणता, गावातल्या टॉवरवर किती वाजले, याची वाटीला काहीच खबर नसते. प्रत्येक घटका मागच्या घटकेएवढीच भरावी, एवढंच तिने सांभाळायचं.

यातून शेड्यूलरच्या घड्याळाच्या चार अटी निघतात. ते कधीही मागे जाऊ नये. त्याची गती स्थिर असावी. ते वाचायला स्वस्त असावं, कारण टास्क सेकंदाला हजारो वेळा बदलतात आणि प्रत्येक बदलाला ते वाचावं लागतं. आणि ते कुलूप न लावता वाचता यावं, कारण ते अशा इंटरप्टमधूनही वाचलं जातं ज्याला थोपवून धरता येत नाही.

भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे तारीख-वार सांगणारी वेळ, पहिल्याच अटीत नापास होतं. ती वेळ कोणीही पुढे-मागे करू शकतं. १ जुलै २०१२ च्या पहाटे, आपल्या साडेपाचच्या ठोक्याला, जगाच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. लिनक्सच्या हाय-रेझोल्यूशन टायमरना हा बदल वेळेवर कळवला गेला नाही. भिंतीवरच्या वेळेशी बांधलेले टायमर एक सेकंद आधीच संपू लागले. एका सेकंदाहून कमी वेळ झोपू पाहणारे प्रोग्राम झोपताच जागे होऊन पुन्हा पुन्हा फिरत राहिले आणि सर्व्हरचे सीपीयू तापले. रेडिट, लिंक्डइन, मोझिला यांच्या सेवा त्या दिवशी विस्कळित झाल्या. तारीख आहे तीच पुन्हा एकदा सेट केली की आजार जात होता, हे अनेकांना नंतर कळलं.

म्हणून पहिला नियम: कालावधी मोजायचा असेल तिथे भिंतीवरची वेळ वापरू नका. तुमच्या कोडमध्ये अशी ठिकाणं शोधून ती मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणाऱ्या घड्याळावर न्या. लॉग छापताना आणि वापरकर्त्याला तारीख दाखवतानाच भिंतीकडे पाहा.

टिक म्हणजे जाग. तिला माप समजू नका

ठरावीक अंतराने येणाऱ्या टायमर इंटरप्टला टिक म्हणतात. एक्स-८६ यंत्रांवर लिनक्स २.४ मध्ये सेकंदाला १०० टिक असत. २.६ मध्ये त्या १००० झाल्या आणि २.६.१३ पासून डीफॉल्ट २५० वर आला.

जुन्या पद्धतीत टिक पडताना जो टास्क सीपीयूवर सापडेल त्याच्या नावावर अख्खी टिक लिहिली जायची. शेतावर मुकादम दिवसातून एकदाच फेरी मारतो आणि त्या क्षणी जो दिसेल त्याला पूर्ण रोज लावतो, तसंच हे. फेरीची वेळ ज्याला कळली तो बाकीचा दिवस झाडाखाली काढू शकतो, आणि फेरीच्या वेळी पाणी प्यायला गेलेल्याची दिवसभराची मेहनत बुडते. २००७ मध्ये त्साफ्रीर, एत्सिऑन आणि फाइटेल्सन या तिघा संशोधकांनी हे करून दाखवलं. त्यांचा प्रोग्राम टिक होऊन गेल्यावर कामाला लागायचा आणि पुढची टिक येण्याआधी झोपायचा. कोणताही विशेष अधिकार नसताना तो जवळजवळ सगळा सीपीयू बळकावत होता, आणि हिशोबात त्याचा खर्च दिसत नव्हता. लिनक्सच नव्हे, विंडोज एक्सपी, सोलारिस आणि फ्रीबीएसडीही त्याला बळी पडले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिनक्स २.६.२३ बरोबर इंगो मोल्नार यांचा सीएफएस शेड्यूलर आला. त्याने टास्क आत येताना आणि बाहेर पडताना घड्याळ वाचून नॅनोसेकंदांत हिशोब ठेवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत त्याची जागा ईईव्हीडीएफ या पद्धतीने घेतली, तरी हिशोबाची ही रीत कायम राहिली. तुमच्या कर्नेलमध्ये अजून टिक मोजून वेळ लिहिला जात असेल तर सुधारणेची सुरुवात इथून करा. टास्क बदलण्याच्या जागी दोन वेळा घड्याळ वाचा आणि फरक खात्यावर टाका. टिकचा उपयोग फक्त ‘आता बदलायची वेळ झाली का’ हे पाहायला करा.

एवढं केल्यावरही टिकची सावली उरते. आठ किंवा अधिक कोअरच्या यंत्रावर ईईव्हीडीएफचा मूळ स्लाइस ३ मिलिसेकंदांचा होता. सेकंदाला १००० टिक असतील तर टास्कने तीन टिकनंतर उतरायला हवं. पण इंटरप्टमध्ये गेलेला वेळ टास्कच्या खात्यातून वजा होतो, त्यामुळे तिसऱ्या टिकला खात्यावर तीनला किंचित कमी भरायचे. ‘अजून पुरतं झालं नाही’ म्हणून टास्कला चौथी टिकही मिळायची. तीनच्या जागी चार म्हणजे एक तृतीयांश जास्त. २०२५ मध्ये हा स्लाइस २.८ मिलिसेकंदांवर आणला गेला आणि ती फुकटची टिक बंद झाली. तुम्ही ठरवलेल्या मर्यादा टिकच्या नेमक्या पटीत आहेत का, ते पाहा. असतील तर त्या पटीच्या थोड्या आत घ्या, नाहीतर त्या मर्यादेसाठी वेगळा नेमका टायमर लावा.

घड्याळ कुठून येतं ते वाचा

आता उगमाकडे जाऊ. एआरएमसारख्या यंत्रांवर सुरू होतानाच्या लॉगमध्ये शेड्यूलरच्या घड्याळाची एक ओळ असते. काउंटर किती बिटांचा, किती वेगाचा, एका पावलाला किती नॅनोसेकंद आणि किती वेळाने उलटतो, हे चारही आकडे तिथे लिहिलेले असतात. एआरएमच्या पुष्कळ बोर्डांवर ५६ बिट, २४ मेगाहर्ट्झ आणि ४१ नॅनोसेकंद असं दिसतं. तुमच्या बोर्डावर ‘३२ बिट, १०० हर्ट्झ’ दिसलं, तर समजा की खरा काउंटर नोंदवलाच गेलेला नाही आणि कर्नेल जिफींवर, म्हणजे टिकच्या मोजणीवर दिवस काढतं आहे. अशा वेळी नॅनोसेकंदांचा सगळा हिशोब दहा मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांत होतो. लॉगमधल्या ओळींच्या वेळा ठरावीक उड्या मारत असतील तर तीही याचीच खूण.

एक्स-८६ वर टाइमस्टँप काउंटर हा मुख्य आधार आहे. जुन्या प्रोसेसरवर तो सीपीयूच्या गतीबरोबर हळू-जलद व्हायचा आणि गाढ झोपेत थांबायचा. तुमच्या प्रोसेसरच्या माहितीत ‘कॉन्स्टंट टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप टीएससी’ ही दोन्ही चिन्हं आहेत ना, याची खात्री करा. कर्नेल स्वतः या काउंटरवर पहारा ठेवतं. दुसऱ्या घड्याळाशी तो जुळेनासा झाला की लॉगमध्ये त्याला अस्थिर ठरवल्याची नोंद करून दुसरं घड्याळ घेतं. टीएससी काही नॅनोसेकंदांत वाचता येतो. चिपबाहेरच्या टायमरला गाठायला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागतो. ‘मशीन अचानक मंद झालं’ या तक्रारीमागे अनेकदा ही एक ओळ असते. म्हणून चालू घड्याळ कोणतं आहे हे सिस्टिमच्या फाईलमधून पाहणं तुमच्या रोजच्या तपासणीत असू द्या.

काउंटर अस्थिर असेल तर लिनक्स त्याला टिकच्या दोन खुंट्यांमध्ये बांधून ठेवतं. मागच्या टिकच्या मागे जाऊ द्यायचं नाही आणि एका टिकपेक्षा फार पुढे पळू द्यायचं नाही. स्वतःचं कर्नेल लिहिणाऱ्यांनी ही युक्ती जरूर घ्यावी. पुरेसं चांगलं हार्डवेअर नसलं तरी चुकीला हद्द घालता येते.

गुणाकार भरून वाहतो तेव्हा

काउंटरचे आकडे नॅनोसेकंदांत आणायला भागाकार महाग पडतो. म्हणून एका स्थिरांकाने गुणून नंतर काही बिट उजवीकडे सरकवतात. या गुणाकारात दोन खड्डे आहेत.

पहिला, गुणाकार ६४ बिटांत मावत नाही. एक्स-८६ च्या शेड्यूलर घड्याळात गुणून झाल्यावर १० बिट सरकवत असत. म्हणजे उत्तर २ च्या ५४ व्या घाताएवढ्या नॅनोसेकंदांना पोचलं की मधला गुणाकार भरून वाहायचा. तो काळ २०८.५ दिवसांचा. सात महिने न थांबता चाललेले सर्व्हर २०९ व्या दिवशी कोलमडत. २०११ मध्ये हा दोष दुरुस्त झाला. काउंटरचे वरचे आणि खालचे बिट वेगळे केले, दोन्ही स्वतंत्र गुणले आणि मग बेरीज केली. अवघ्या काही ओळींची दुरुस्ती.

दुसरा खड्डा आमच्या आवाजाच्या उपकरणातला. आम्ही आधी नॅनोसेकंद काढत होतो आणि मग वजाबाकी करत होतो. क्रम उलटा हवा. आधी कच्च्या काउंटरची वजाबाकी, तीही काउंटरच्या रुंदीएवढा मास्क लावून, आणि मग त्या छोट्या फरकाचं रूपांतर. मग काउंटर मधे एकदा उलटला तरी फरक बरोबर येतो. दोन वाचनांत काउंटर पूर्ण फेरी मारणार नाही, एवढी काळजी घ्यायची. त्यासाठी फेरीच्या निम्म्या वेळाने एक टायमर लावून आधारबिंदू पुढे सरकवत राहा. वाचणाऱ्याला कुलूप लागू नये म्हणून आधारबिंदूच्या दोन प्रती ठेवा: एक बदलत असताना दुसरी वाचली जावी. लिनक्सचा सर्वसाधारण शेड्यूलर-घड्याळाचा कोड नेमकं हेच करतो. तो तीनशे ओळींच्या आसपासचा आहे. एका संध्याकाळी वाचून होईल.

असे दोष वर्षभराने उगवतात, म्हणून ते पहिल्या दिवशीच उगवतील अशी सोय करा. लिनक्समध्ये जिफींची मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. ती उलटायला पाच मिनिटं राहिलेली असतील अशा आकड्यापासून सुरू होते. ३२ बिटांचा, सेकंदाला हजारदा वाढणारा काउंटर एरवी ४९.७ दिवसांनी उलटेल. इथे तो यंत्र सुरू होताच पाचव्या मिनिटाला उलटतो आणि चुकीचा कोड टेबलावरच उघडा पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाला बोइंग ७८७ बाबत आदेश काढावा लागला होता, कारण २४८ दिवस सलग चालू राहिल्यास त्याच्या जनरेटरांची नियंत्रक युनिटं एकदम बंद पडू शकत होती. सेकंदाच्या शतांशाने मोजणारा, चिन्हासह ३२ बिटांचा काउंटर बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतो. तुमच्या प्रत्येक काउंटरला ‘पाच मिनिटं बाकी’ अशा जागेवरून सुरू करून एकदा चाचणी घ्या.

रांगेचं घड्याळ एकदाच वाचा

प्रत्येक सीपीयूला आपली रनक्यू असते आणि रनक्यूला आपलं घड्याळ. शेड्यूलरचा कोड हार्डवेअरकडे वारंवार जात नाही. रनक्यूचं कुलूप लावलं की घड्याळ एकदा अद्ययावत करायचं आणि कुलूप सुटेपर्यंत तीच नोंद वापरायची. यामागे खर्च वाचवण्यापलीकडचं कारण आहे. एकाच निर्णयात एका टास्कचा हिशोब एका क्षणाला आणि दुसऱ्याचा पुढच्या क्षणाला केला, तर मधला वेळ कोणाच्याच नावावर पडत नाही किंवा दोघांच्याही पडतो.

इथे दोन चुका होतात. घड्याळ अद्ययावत न करता वाचणं ही पहिली. तेव्हा शिळी वेळ मिळते, आणि नुकत्याच जाग्या झालेल्या टास्कला ती जास्त जाणवते. एकाच कुलपाखाली दोनदा अद्ययावत करणं ही दुसरी. लिनक्समध्ये पहिली चूक पकडणारी तपासणी कोडमध्येच आहे. दुसरीसाठी ‘वॉर्न डबल क्लॉक’ हा पर्याय डीबग फाईलमधून चालू करता येतो. शेड्यूलरमध्ये एक ओळ जरी बदलली तरी तो चालू करून चाचणी घ्या.

वेळ कोणाच्या खात्यावर?

माप शुद्ध झालं, तरी बिल योग्य माणसाच्या नावावर फाटायला हवं. टास्क चालू असताना नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला आणि त्यात दोनशे मायक्रोसेकंद गेले, तर त्यात टास्कचा दोष नाही. पूर्वी तो वेळ त्याच्याच माथी बसायचा. जानेवारी २०११ च्या २.६.३७ आवृत्तीत वेंकटेश पल्लीपाडी यांनी केलेलं काम आलं. त्यात इंटरप्टचा वेळ वेगळा मोजून टास्कच्या खात्यातून वजा केला गेला. तेव्हापासून रनक्यूला दोन काटे आहेत असं समजा. एक सगळा वेळ सांगतो, दुसरा फक्त टास्कना खरोखर मिळालेला वेळ. वाटपाचा न्याय दुसऱ्या काट्यावर करायचा आणि मुदती पहिल्यावर पाहायच्या. हे दोन काटे एकमेकांत मिसळले की वर सांगितलेल्या चौथ्या टिकसारखे प्रकार घडतात.

क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आणखी एक वाटेकरी असतो. यजमान मशीन तुमचा सीपीयू मधेच काढून दुसऱ्याला देतं. तो चोरीला गेलेला वेळ ‘टॉप’ कमांडच्या ‘एसटी’ या रकान्यात दिसतो. व्हाइटफील्ड किंवा आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसात बसून क्लाउडवर चाचण्या घेणाऱ्यांनी प्रत्येक निकालाबरोबर हा आकडा लिहून ठेवावा. तो शून्याच्या जवळ नसेल तर त्या निकालावरून शेड्यूलरबद्दल काही ठरवू नये.

दोन कोअरची घड्याळं एकमेकांना दाखवू नका

या विषयात बंगळूरचं स्वतःचं काम आहे. लिनक्सच्या फेअर शेड्यूलरची मूळ फाईल उघडा. माथ्यावरच्या नावांमध्ये श्रीवत्स वद्दागिरी हे नाव, आयबीएम आणि २००७ हे वर्ष दिसेल. बंगळूरच्या आयबीएम लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये त्यांनी टास्कच्या गटांमध्ये न्याय्य वाटप करण्याचं काम केलं, ते जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत आलं. पुढे त्याच सेंटरच्या भरत राव यांनी गटाला सीपीयूची कमाल मर्यादा घालणारे पॅच मांडले. गूगलच्या पॉल टर्नर आणि निखिल राव यांच्यासह त्यांनी २०१० च्या ओटावा लिनक्स परिषदेत त्यावर निबंध सादर केला, आणि ही सोय ३.२ आवृत्तीत दाखल झाली. आज कंटेनरला ‘दीड सीपीयू’ अशी मर्यादा घालता येते ती याच्या जोरावर.

या मर्यादेची रीत अशी: दर १०० मिलिसेकंदांना गटाला ठरावीक कोटा मिळतो. प्रत्येक कोअर त्यातून ५ मिलिसेकंदांची उचल घेतो. मूळ रचनेत ही उचल त्या मुदतीबरोबर संपायची. पण मुदत एका कोअरच्या घड्याळाने लिहिली जायची आणि दुसऱ्या कोअरच्या घड्याळाने तपासली जायची. दोन्हींत थोडी तफावत असतेच. म्हणून तफावत ओळखण्याचा कोड घातला गेला. तो नीट चालत नव्हता, म्हणून २०१८ मध्ये दुरुस्त केला गेला. दुरुस्तीनंतर मुदती खरोखर संपू लागल्या आणि वेगळंच दुखणं वर आलं. प्रत्येक कोअरवर शिल्लक राहिलेला मिलिसेकंदापर्यंतचा वेळ मुदतीबरोबर वाया जाऊ लागला. चाळीस कोअर असतील तर दर १०० मिलिसेकंदांत ४० मिलिसेकंदांपर्यंत कोटा असा विरून जाऊ शकतो. सीपीयू रिकामा दिसायचा आणि कंटेनर मात्र अडवला जायचा. २०१९ मध्ये डेव्ह चिलुक यांनी त्या उचलीची मुदतच काढून टाकली आणि प्रश्न मिटला.

मला या कथेतून दोन धडे मिळाले. एका कोअरने लिहिलेली वेळ दुसऱ्या कोअरच्या वेळेशी थेट ताडू नका. ताडावीच लागली तर तफावत किती असू शकते हे आधी लिहून काढा. आणि वेळेची तुलना नेमकी करण्याच्या मागे लागण्याआधी विचारा, ही तुलना लागतेच का? कधीकधी कालमापनाची सर्वांत चांगली सुधारणा म्हणजे वेळ मोजण्याची एक जागा कमी करणं.

वाटी पुन्हा सोडताना

घटिकापात्राशेजारी बसणाऱ्याला एक पथ्य पाळावं लागतं. वाटी बुडाली की ती लगेच रिकामी करून पुन्हा सोडायची. मधे गप्पांत अर्धं मिनिट गेलं की प्रत्येक घटका अर्ध्या मिनिटाने लांबते, आणि पंधरा घटकांनंतर मुहूर्त साडेसात मिनिटांनी चुकतो.

टायमरमध्ये हीच चूक सर्रास दिसते. टायमर संपला, आपलं काम केलं, आणि मग ‘आत्तापासून १० मिलिसेकंद’ असा पुन्हा लावला. उशिराने जागं होण्याचा आणि कामाचा वेळ दर फेरीला साचत जातो. योग्य रीत अशी: मागच्या ठरलेल्या वेळेत पूर्ण कालावधी मिळवा आणि तोच पुढचा क्षण धरा, उशीर फार झाला असेल तर तितक्या पूर्ण फेऱ्या सोडून पुढे जा. लिनक्सच्या हाय-रेझोल्यूशन टायमरमध्ये ‘फॉरवर्ड’ करणारं फंक्शन यासाठीच आहे. वापरकर्त्याच्या प्रोग्राममध्ये झोपताना कालावधी न देता जागं होण्याचा नेमका क्षण द्या. एवढ्या एका बदलाने अनेक नियंत्रण-यंत्रणांची साचणारी घसरण थांबते.

बदलाआधी मोजा, बदलानंतर मोजा

शेवटची गोष्ट पुराव्याची. प्रत्येक टास्कच्या शेड-स्टॅट फाईलमध्ये तीन आकडे असतात: किती नॅनोसेकंद चालला, किती नॅनोसेकंद रांगेत थांबला, किती वेळा सीपीयूवर चढला. पहिल्या दोन आकड्यांची वाढ आणि टास्क झोपलेला वेळ यांची बेरीज लोटलेल्या वेळेशी जुळवून पाहा. ती स्पष्टपणे जुळत नसेल तर मापात गळती आहे. जागं होण्यातला उशीर पाहायला ‘सायक्लिकटेस्ट’ आहे. ते किमान एक रात्र आणि यंत्रावर पूर्ण भार ठेवून चालवा. सरासरीपेक्षा सर्वांत वाईट आकडा महत्त्वाचा, कारण आवाज सरासरीत तुटत नाही. टास्क बदलांचा क्रम पाहायला ‘पर्फ शेड’ वापरा. आणि एफट्रेसवर दोन कोअरच्या घटना शेजारी ठेवणार असाल तर त्याचं घड्याळ ‘लोकल’वरून ‘ग्लोबल’ किंवा ‘मोनो’वर न्या, नाहीतर परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसेल.

एका वेळी एकच बदल करा. आधीचे आणि नंतरचे आकडे, प्रोसेसर, टिकचा दर, चालू घड्याळ आणि व्हर्च्युअल मशीन असल्यास चोरीचा वेळ, हे सगळं पॅचच्या वर्णनात लिहा. शेड्यूलरचे मेंटेनर आकड्यांशिवाय आलेल्या बदलाकडे संशयाने पाहतात आणि ते योग्यच आहे. मूळ गाभ्यातला एक जादा वाचनखर्च जगातल्या प्रत्येक सर्व्हरला आणि प्रत्येक फोनला भरावा लागतो.

हे काम दिसत नाही. नवं अल्गोरिदम लिहिणाऱ्याचं कौतुक होतं. वजाबाकीचा क्रम दुरुस्त करणाऱ्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. पण आमच्या उपकरणात आवाज पुन्हा सलग वाजू लागला तेव्हा बदललेल्या ओळी दोन होत्या, आणि त्याआधीच्या पंधरा दिवसांत आम्ही लिहिलेला सगळा कोड काढून टाकावा लागला. म्हणून तुमच्यासमोर जो बोर्ड आहे, त्याचा सुरुवातीचा लॉग आजच उघडा, शेड्यूलरच्या घड्याळाची ती ओळ शोधा आणि त्यातले चार आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचं सगळं काम त्या चार आकड्यांवर उभं राहणार आहे.